महारेराची एजंट सक्षमता परीक्षा : प्रशिक्षणापासून नोंदणी क्रमांकापर्यंतचा क्रम

महाराष्ट्रात महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातील सदनिका, दुकान किंवा भूखंड प्रवर्तकाच्या (बिल्डरच्या) वतीने विकून देण्याचे काम करायचे असेल, तर आता केवळ नोंदणी शुल्क भरून भागत नाही. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी मूलभूत प्रशिक्षण, त्यानंतरची परीक्षा आणि तीतून मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले. परीक्षा अवघड नाही, पण तिच्या भोवतीची प्रक्रिया पुष्कळ जण चुकवतात. कोणी प्रशिक्षणाआधीच नोंदणीचा अर्ज भरायला बसतो, कोणी दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर कायद्याचे पुस्तक न उघडता परीक्षेला जातो, तर कोणी उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवून देतो आणि पुढे संकेतस्थळावर आपली नोंदणी स्थगित झालेली पाहतो. या तिन्ही चुका टाळण्यासाठी पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

टप्पा १ : आपला गट निश्चित करा

सर्वप्रथम आपण नवीन अर्जदार आहात, की जुने नोंदणीधारक, हे लिहून काढावे. नवीन अर्जदाराचा क्रम सरळ आहे: प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आणि मग नोंदणीचा अर्ज. ज्यांच्याकडे आधीच नोंदणी क्रमांक आहे, त्यांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा टळत नाही. फक्त त्यांनी प्रमाणपत्र मिळाल्यावर नवा अर्ज न करता ते आपल्या जुन्या खात्यात चढवायचे असते. हा फरक न कळल्याने काही जुने नोंदणीधारक नव्याने अर्ज करतात, शुल्क दुसऱ्यांदा भरतात आणि एकाच व्यक्तीच्या नावे दोन नोंदी झाल्यामुळे अडकून पडतात.

दुसरा प्रश्न असा की नोंदणी व्यक्तीच्या नावाने हवी, की भागीदारी संस्था, कंपनी किंवा एलएलपीच्या (मर्यादित दायित्व भागीदारीच्या) नावाने. २०१७ च्या महाराष्ट्र नियमांनुसार व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क १०,००० रुपये आणि व्यक्तीखेरीज इतरांसाठी १,००,००० रुपये आहे, आणि नोंदणी पाच वर्षांसाठी असते. संस्थेची नोंदणी असली, तरी परीक्षा संस्था देत नाही, माणसे देतात. त्यामुळे संस्थेत ग्राहकांशी थेट व्यवहार करणारे भागीदार, संचालक आणि कर्मचारी कोण, याची यादी आधी करावी आणि प्रत्येकाचे प्रशिक्षण व परीक्षा स्वतंत्रपणे योजावी. एकट्या मालकाने प्रमाणपत्र घेतले की कार्यालयातील सगळे सुटले, हा समज चुकीचा आहे.

*तपासा :* आपण फक्त भाड्याचे व्यवहार करत असाल, तर महारेरा ज्यावर चालते त्या स्थावर संपदा अधिनियमाची भूमिका वेगळी आहे. अधिनियमातील वाटपग्राहीच्या, म्हणजे प्रकल्पातील सदनिका वा भूखंड घेणाऱ्या ग्राहकाच्या, व्याख्येत भाड्याने घेणारा येत नाही आणि कलम ९ हे प्रवर्तक विकत असलेल्या प्रकल्पातील विक्रीबद्दल बोलते. मात्र उद्या एखादी नवीन सदनिका विकून देण्याची शक्यता असेल, तर आजच तयारीला लागणे शहाणपणाचे.

टप्पा २ : नाव आणि कागदपत्रे एकसारखी करा

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, म्हणूनच तो सर्वाधिक चुकतो. प्रशिक्षण संस्थेच्या नोंदवहीत, परीक्षेच्या अर्जात, आधारवर, पॅनवर आणि महारेराच्या खात्यात आपले नाव अक्षरशः एकसारखे असले पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असते, तिसऱ्यावर आडनाव आधी येते. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत तर पॅन माहेरच्या आणि आधार सासरच्या नावाने, हे सर्रास आढळते. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांतील नावे जुळली नाहीत, तर दारातूनच परत फिरावे लागू शकते.

प्रशिक्षणासाठी नाव नोंदवण्याआधी पॅन आणि आधार समोरासमोर ठेवावेत, स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवावे, आणि फरक आढळल्यास आधी दुरुस्ती करून घ्यावी. भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल स्वतःचेच द्यावेत. संस्थेतील लेखनिकाचा ई-मेल देण्याची पद्धत आहे; तो लेखनिक नोकरी सोडून गेला, की प्रवेशपत्रही त्याच्याच पेटीत जाते.

नोंदणीच्या वेळी लागणारी कागदपत्रे, म्हणजे पॅन, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, मागील वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि संस्था असल्यास तिच्या स्थापनेचे कागद, हीही आताच गोळा करावीत. निकालानंतर ती शोधायला लागलात, की प्रमाणपत्र हातात असूनही काम सुरू करता येत नाही.

टप्पा ३ : २० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करा

प्रशिक्षण २० तासांचे असून ते महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच घ्यावे लागते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर असते. शुल्क भरण्याच्या दिवशीच ती यादी पुन्हा उघडून संस्थेचे नाव आहे का, हे पाहावे. शिकवणी वर्ग आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण यांत फरक आहे. कोणताही खासगी वर्ग आपल्याला कायदा उत्तम शिकवू शकेल, परंतु त्याच्या प्रमाणपत्रावर परीक्षेचे दार उघडत नाही.

प्रशिक्षणाकडे केवळ हजेरी भरण्याचे काम म्हणून पाहू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रशिक्षक ज्या कलमापाशी थांबून उदाहरण देतात, तिथून परीक्षेत प्रश्न येण्याची शक्यता मोठी असते. ऑनलाइन वर्ग चालू ठेवून ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांचे नुकसान दुहेरी होते: हजेरी कमी पडते आणि विषयही निसटतो. प्रत्येक सत्रासाठी एक पान ठेवावे व त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात: कलमाचा क्रमांक, त्यातील आकडा, आणि त्या नियमाला असलेला अपवाद. पुढच्या टप्प्यात हीच पाने अभ्यासाचा कणा ठरतात.

*सावधान :* प्रशिक्षण संपताच आपली माहिती परीक्षेसाठी पुढे पाठवली गेली आहे का, हे संस्थेकडे लेखी विचारावे. तोंडी होकारावर अवलंबून राहून पुढची परीक्षा हुकवलेले लोक कमी नाहीत.

टप्पा ४ : परीक्षेचा अर्ज आणि सूचनापत्र

परीक्षा संगणकावर, निश्चित केंद्रांवर आणि बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिचे आयोजन आयबीपीएस ही संस्था करते, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षा घेणारीच संस्था. त्यामुळे वेळेची शिस्त, ओळख पडताळणी आणि केंद्रावरचे नियम बँक परीक्षांइतकेच कडक असतात.

अर्ज भरताना केंद्राची निवड घाईत करू नये. घराजवळचे केंद्र भरले असेल, तर प्रवासाला किती वेळ लागेल याचा हिशेब करूनच दुसरे निवडावे. छायाचित्र आणि स्वाक्षरी दिलेल्या मापातच चढवावी. भ्रमणध्वनीवर काढलेला अंधुक फोटो पुढे ओळख पटवताना त्रास देतो. अर्ज पाठवल्यावर त्याची प्रत आणि शुल्काची पावती लगेच उतरवून ठेवावी.

परीक्षेसोबत येणारे सूचनापत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. प्रश्नांची संख्या, वेळ, उत्तीर्णतेसाठी लागणारे गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात की नाही आणि सोबत काय आणायचे, हे पाच मुद्दे त्यातून काढून एका कागदावर लिहून ठेवावेत. परीक्षेत कोणता प्रश्न सोडायचा आणि कोणता अंदाजाने सोडवायचा, हा निर्णय याच कागदावरून होतो.

टप्पा ५ : अभ्यास, आणि तोही कायद्याच्या भाषेत

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि अनुभवी मंडळींनी तर अधिकच. बाजारात काय चालते, हे परीक्षा विचारत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ काय म्हणतो, तेवढेच विचारते. नवख्या उमेदवाराला कलम पाठ करावे लागते, तर मुरलेल्या एजंटाला आधी मनातले बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप हे क्षेत्र मोजण्याचे बाजारातले प्रकार पुसावे लागतात. दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे.

अधिनियमाची प्रत समोर घेऊन अभ्यास करावा. नुसत्या प्रश्नसंचांवर भिस्त ठेवू नये. संपूर्ण ९२ कलमे सारख्या तयारीने वाचण्याची गरज नाही. कलम २ मधील व्याख्या, कलमे ३ ते १९, तक्रार व अपील यांची कलमे आणि कलमे ५९ ते ६८ ही दंडाची मालिका, एवढा भाग तीनदा वाचावा. उरलेला एकदा वाचला तरी पुरे.

*चटई क्षेत्र.* अधिनियमानुसार चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेचे निव्वळ वापरायोग्य क्षेत्र. त्यातून बाह्य भिंतींनी व्यापलेली जागा, सेवावाहिन्यांच्या शाफ्टची जागा, त्या सदनिकेपुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि त्या सदनिकेपुरती असलेली खुली गच्ची वगळली जाते. मात्र आतल्या विभाजक भिंतींची जागा त्यात धरली जाते. समजा, खोल्या, स्वयंपाकघर, स्नानगृहे यांचे मिळून ४६.५ चौरस मीटर, आतल्या भिंतींचे २ चौरस मीटर, बाह्य भिंतींचे ३.६, बाल्कनीचे ४.२ आणि शाफ्टचे ०.८ चौरस मीटर दिले आहे. सगळ्याची बेरीज ५७.१ होते आणि पर्यायांत ती हमखास असते. उत्तर मात्र ४६.५ अधिक २, म्हणजे ४८.५ चौरस मीटर. बहुतेकांची चूक आतल्या भिंती वजा करण्यात होते; त्यांचे उत्तर ४६.५ येते आणि तेही पर्यायांत दिलेले असते.

*नोंदणीतून सूट.* कलम ३ प्रमाणे जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सर्व टप्पे मिळून सदनिकांची संख्या ८ पेक्षा अधिक नसेल, तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. यातला ‘किंवा’ लक्षात ठेवावा. ४५० चौरस मीटर जमिनीवर १० सदनिका असतील, तर संख्या ८ हून जास्त असली तरी क्षेत्राच्या अटीवर सूट मिळते. ‘पेक्षा अधिक नाही’ याचा अर्थ असा की बरोबर ५०० चौरस मीटर आणि बरोबर ८ सदनिका हेही सुटीतच येतात. ‘सर्व टप्पे मिळून’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत: पहिल्या टप्प्यात ६ आणि दुसऱ्यात ६ सदनिका असतील, तर संख्या १२ धरली जाते. याशिवाय अधिनियम लागू होण्यापूर्वी पूर्णत्व प्रमाणपत्र मिळालेले प्रकल्प आणि ज्यात जाहिरात, विक्री किंवा नवे वाटप नाही अशी दुरुस्ती, नूतनीकरण वा पुनर्विकासाची कामे यांनाही सूट आहे. पुनर्विकासात जुन्या सभासदांखेरीज वाढीव सदनिका बाजारात विकायच्या असतील, तर ही सूट उरत नाही. शहरांत काम करणाऱ्या एजंटाने हा फरक परीक्षेपुरता नव्हे, रोजच्या कामासाठीही पक्का करावा.

*पैशाचे आकडे.* येथे दोन टक्केवाऱ्यांची सरमिसळ होते. कलम ४ प्रमाणे वाटपग्राहींकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवायची असते आणि ती जमिनीच्या व बांधकामाच्या खर्चासाठीच, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांच्या प्रमाणपत्रांवर काढता येते. कलम १३ प्रमाणे विक्री करार करून तो नोंदवल्याशिवाय प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. ७५ लाखांच्या सदनिकेत ही मर्यादा साडेसात लाख होते. बुकिंगची रक्कम, ‘टोकन’ आणि अर्ज शुल्क अशी वेगवेगळी नावे दिली, तरी ती सगळी याच १० टक्क्यांत मोजली जातात. वाटपपत्र दिले म्हणजे करार झाला, असे समजून चुकीचा पर्याय निवडणारे बरेच असतात.

*संमती, दोष आणि विलंब.* मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा असल्यास, किंवा प्रकल्पातील बहुसंख्य हक्क दुसऱ्या प्रवर्तकाला द्यायचे असल्यास, दोन-तृतीयांश वाटपग्राहींची लेखी संमती लागते. हस्तांतरणाच्या बाबतीत त्याशिवाय प्राधिकरणाचीही (महारेराचीही) लेखी मान्यता हवी. यात प्रवर्तकाच्या स्वतःच्या सदनिका धरत नाहीत. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनात्मक दोष, कारागिरी, दर्जा किंवा सेवा यांतील दोष प्रवर्तकाच्या निदर्शनास आणून दिल्यास त्याने तो ३० दिवसांत विनाशुल्क दूर करायचा असतो. ताब्याला विलंब झाला, तर कलम १८ वाटपग्राहीला दोन मार्ग देते: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्यायचे, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज घ्यायचे. महाराष्ट्रात हे व्याज भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च निधी-खर्चावर आधारित कर्जदरापेक्षा, म्हणजे एमसीएलआरपेक्षा, २ टक्क्यांनी अधिक असते. दुसऱ्या बाजूला, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे, हे कलम १९ नुसार वाटपग्राहीचे कर्तव्य आहे. अधिकारांबरोबर कर्तव्येही विचारली जातात, हे पुष्कळ जण विसरतात.

*एजंटाची कामे.* कलमे ९ आणि १० तोंडपाठच हवीत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीत साहाय्य करायचे नाही. हिशेब आणि दस्त राखायचे. प्रकल्पात नसलेल्या सोयींचे आश्वासन किंवा चुकीचा दर्जा सांगण्यासारख्या अनुचित प्रथांत पडायचे नाही. आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे, ती त्याच्या हाती पडतील असे पाहायचे. एजंटाने स्वतःचा नोंदणी क्रमांक प्रत्येक व्यवहारात नमूद करायचा असतो. जाहिरातीत प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाबरोबर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही ठळकपणे द्यावा लागतो; तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समाजमाध्यमांवरच्या आपल्या स्वतःच्या पोस्टही जाहिरातच मानाव्यात.

*दंडाची मालिका.* ही कलमे एकेक करून पाठ केली, की हमखास गोंधळ होतो. त्यांच्यामागची रचना समजून घ्यावी, मग ती आपोआप ध्यानात राहतात. पहिला प्रश्न विचारावा: टक्केवारी कशाची? प्रवर्तकाचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चावर मोजतात; एजंटाचा आणि वाटपग्राहीचा संबंधित भूखंड, सदनिका किंवा इमारतीच्या किमतीवर. दुसरा प्रश्न: आदेश कोणाचा मोडला? प्राधिकरणाचा आदेश मोडल्यास दिवसागणिक दंड, एकूण ५ टक्क्यांपर्यंत. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश मोडल्यास तुरुंगवास किंवा दिवसागणिक, एकूण १० टक्क्यांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही. तिसरा प्रश्न: तुरुंगवास किती? प्रवर्तकाला ३ वर्षांपर्यंत, एजंट आणि वाटपग्राहीला १ वर्षापर्यंत. प्रकल्पाची नोंदणीच न करणाऱ्या प्रवर्तकाला कलम ५९ प्रमाणे प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होतो. त्यानंतरही उल्लंघन चालू ठेवल्यास ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा आणखी १० टक्के दंड किंवा दोन्ही. नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती दिल्यास ५ टक्के, आणि अन्य तरतुदींच्या भंगालाही ५ टक्के.

एजंटासाठीचे कलम ६२ आकड्यांसह सोडवून पाहावे. नोंदणी नसताना विक्री करणाऱ्या एजंटाला दररोज १०,००० रुपये दंड होतो, पण तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जात नाही. ८० लाखांच्या सदनिकेबाबत ६० दिवस उल्लंघन चालले, तर दिवसांचा गुणाकार ६ लाख येतो. मर्यादा मात्र ४ लाखांची आहे, म्हणून उत्तर ४ लाख. ४० व्या दिवशीच ही मर्यादा गाठली जाते. असा प्रश्न आला, की आधी ५ टक्के काढावेत आणि मग दिवसांचा गुणाकार करावा, म्हणजे लहान आकडा लगेच दिसतो.

*तक्रार आणि अपील.* प्राधिकरण, न्यायनिर्णय अधिकारी आणि अपिलीय न्यायाधिकरण यांची कामे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कलमे १२, १४, १८ आणि १९ खालील नुकसानभरपाई ठरवण्याचे काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे आहे. पैसे परत करणे आणि व्याज यांचे आदेश प्राधिकरण देते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपिलीय न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत आणि तिथून उच्च न्यायालयाकडेही ६० दिवसांत जाता येते. दंडाविरुद्ध प्रवर्तकाला अपील करायचे असल्यास त्याला दंडाच्या किमान ३० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

*जोडीचे कायदे.* यांना थोडाच वेळ द्यावा, पण वगळू नये. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्त निष्पादनापासून ४ महिन्यांत नोंदणीसाठी सादर करायचा असतो. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम, १९६३, म्हणजे मोफा, यातून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे प्रवर्तकाने टाळाटाळ केली तरी मालकी हक्क संस्थेच्या नावे करून घेण्याची, संकल्पना विचारली जाते. इमारतीतील ५१ टक्के सदनिकांची नोंदणी ग्राहकांनी केली, की तीन महिन्यांत सहकारी संस्था स्थापन करण्याची जबाबदारी राज्याच्या नियमांनी प्रवर्तकावर टाकली आहे. ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत खरेदीदाराने १ टक्का करकपात करायची असते. सातबारा, मिळकत पत्रिका, सूची क्रमांक २, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी कोणता कागद काय सिद्ध करतो, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे, त्यावरून एकट्याने मालकी सिद्ध होत नाही. हा मुद्दा आवर्जून समजून घ्यावा.

टप्पा ६ : सराव आणि त्रुटीवही

अभ्यासाचे पहिले वाचन संपेपर्यंत सराव प्रश्नांना हात लावू नये. वाचनाआधीच प्रश्न सोडवणाऱ्यांना उत्तरे पाठ होतात, नियम समजत नाही, आणि प्रश्नाचा शब्द बदलला की ते घसरतात. वाचन झाल्यावर वेळ लावून पूर्ण लांबीचे संच सोडवावेत. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर फक्त योग्य पर्याय लिहून थांबू नये. कलम उघडून चूक कशामुळे झाली, ते लिहावे: आकडा विसरला, अपवाद सुटला, की बाजारातला अनुभव आडवा आला. तिसऱ्या प्रकारच्या चुका अनुभवी उमेदवारांच्या वहीत जास्त निघतात आणि त्यांच्यावर दुसऱ्या वाचनाखेरीज उपाय नाही.

प्रश्नातील ‘नाही’, ‘वगळून’, ‘किमान’, ‘कमाल’, ‘यांपैकी कोणते चुकीचे’ या शब्दांखाली सरावात दरवेळी रेघ ओढावी. मराठीतून तयारी करणाऱ्याने प्रवर्तक, वाटपग्राही, अभिहस्तांतरण अशा अधिकृत संज्ञा नीट बिंबवून घ्याव्यात, कारण दैनंदिन बोलण्यात आपण बिल्डर, पार्टी आणि कन्व्हेयन्स म्हणतो आणि परीक्षेत तोच प्रश्न अनोळखी वाटू लागतो.

*तपासा :* सलग दोन संचांत उत्तीर्णतेच्या गुणांपेक्षा भरपूर वर गुण पडत असतील, तरच तयारी पुरी झाली असे समजावे. काठावरचे गुण प्रत्यक्ष परीक्षेतील ताणात टिकत नाहीत.

टप्पा ७ : परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ छायाचित्र ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावे. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा भ्रमणध्वनीतील चित्र मूळ ओळखपत्राच्या जागी चालेल, हे गृहीत धरू नये. भ्रमणध्वनी, स्मार्ट घड्याळ, गणकयंत्र आत नेता येत नाही. काही केंद्रांवर सामान ठेवण्याची सोयही बेताची असते, त्यामुळे सोबत कमीत कमी वस्तू न्याव्यात. प्रवेशपत्रावर दिलेली वेळ ही केंद्रावर हजर होण्याची असते, परीक्षा सुरू होण्याची नव्हे. दार बंद झाल्यावर विनवणीचा उपयोग होत नाही.

संगणकासमोर बसल्यावर स्क्रीनवरील सूचना वाचाव्यात, विशेषतः उत्तर जतन करण्याचे बटण कोणते आणि पुनर्विचारासाठी खूण केलेल्या प्रश्नाचे उत्तर धरले जाते का, या दोन गोष्टी. पर्याय निवडला पण जतन केला नाही, या एका कारणाने येत असलेले प्रश्नही वाया जातात. ज्यांना संगणकाची सवय नाही, त्यांनी घरी किंवा सायबर कॅफेत माउसने एखादा सराव संच सोडवून जावे. वय झालेल्या अनेक एजंटांना विषय उत्तम येतो, पण माउस हाताळताना वेळ जातो. त्यांच्यासाठी ही तयारी कलमांच्या अभ्यासाइतकीच आवश्यक आहे.

पहिल्या फेरीत थेट येणारे व्याख्या आणि आकड्यांचे प्रश्न सोडवावेत, दुसऱ्या फेरीत गणिताचे व प्रसंगावरचे. प्रसंगाच्या प्रश्नात दोन पर्याय बरोबर वाटले, तर ‘माझ्या कार्यालयात आम्ही काय करतो’ हा विचार बाजूला ठेवून ग्राहकाला अधिक माहिती आणि अधिक संरक्षण देणारा पर्याय कोणता, ते पाहावे. अधिनियमाचा रोख तिकडेच आहे, त्यामुळे उत्तरही बहुतेक वेळा तिकडेच सापडते.

टप्पा ८ : निकालानंतरची कामे त्याच आठवड्यात करा

निकाल लागल्यावर प्रमाणपत्रावरील नाव, छायाचित्र आणि क्रमांक तपासावेत. चूक असल्यास नोंदणीचा अर्ज करण्याआधीच दुरुस्ती मागावी. चुकीचे नाव नोंदणीत गेले, की दोन ठिकाणी दुरुस्ती करावी लागते.

नवीन अर्जदाराने यानंतर महारेराच्या संकेतस्थळावर खाते उघडून एजंट नोंदणीचा अर्ज भरावा, प्रमाणपत्र व टप्पा २ मध्ये गोळा केलेली कागदपत्रे जोडावीत आणि शुल्क भरावे. जुन्या नोंदणीधारकाने आपल्या खात्यात प्रमाणपत्र चढवावे, आणि ते प्रत्यक्ष दिसते आहे का, हे बाहेर पडून पुन्हा आत जाऊन पाहावे. १ जानेवारी २०२४ च्या मुदतीपर्यंत प्रमाणपत्र न घेणाऱ्या किंवा ते संकेतस्थळावर न चढवणाऱ्या हजारो एजंटांच्या नोंदण्या महारेराने स्थगित केल्या, आणि स्थगितीच्या काळात व्यवसाय करता येत नाही. उत्तीर्ण होऊनही केवळ कागद चढवला नाही म्हणून काम थांबणे, याइतकी टाळता येण्याजोगी हानी दुसरी नाही.

*सावधान :* प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. ‘ए’ अक्षराने सुरू होणारा आपला स्वतःचा एजंट क्रमांक संकेतस्थळावर शोधल्यावर सापडेपर्यंत एकही बुकिंग करू नये, जाहिरात देऊ नये किंवा प्रवर्तकाकडून दलाली घेऊ नये. ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा असतो, व्यवसायपत्रावर प्रकल्पाचा क्रमांक छापून तो आपला असल्याचे भासवणे हे उल्लंघन ठरते.

नोंदणी क्रमांक मिळाल्यावर प्रमाणपत्र मुख्य कार्यालयात आणि प्रत्येक शाखेत दर्शनी भागी लावावे, व्यवसायपत्रे, पावत्या आणि जाहिराती नव्या क्रमांकासह छापून घ्याव्यात, आणि ज्या प्रवर्तकांसाठी काम करता त्यांना कळवून प्रकल्पाच्या पानावरील एजंटांच्या यादीत आपले नाव टाकून घ्यावे. संस्थेत नवा कर्मचारी आला, तर त्याला ग्राहकांसमोर बसवण्याआधी टप्पा २ पासून सुरुवात करावी. पाच वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेत आजच नोंदवून त्याआधी तीन महिने कागदपत्रे पुन्हा काढावीत, आणि मधल्या काळात पत्ता, भागीदार किंवा संपर्क क्रमांक बदलला, तर तो बदल महारेराच्या खात्यात लगेच नोंदवावा.